अपडेट चालू आहे, बंद करू नये

१

बिघडलेला लॅपटॉप घेऊन येणारा माणूस खोटं बोलतो. कॉलेज सोडून सात रस्त्यावरच्या मामाच्या दुकानात बसायला लागल्यावर मी शिकलेली ही पहिली गोष्ट. 'पाणी सांडलं न्हाय' म्हणतात आणि कीबोर्डखालून चहाची साखर निघते. 'पडला न्हाय' म्हणतात आणि कोपरा चेपलेला असतो. पोरं त्या मानानं बरी. भावाशी भांडताना आपटला, असं सरळ सांगतात. वय वाढेल तसं खोटं वाढतं, आणि 'आमी कशाला खोटं बोलू' हे त्याच्याही पुढं पळतं.

शंकरप्पाशेठ आले ते भर दुपारी. उन्हानं समोरचा रस्ता पांढरा पडलेला, मामा आतल्या खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला. शेठ मार्केट यार्डातले भुसार आडते. पांढरा सदरा, कपाळावरचे विभूतीचे पट्टे घामानं फुटलेले. लॅपटॉप त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणला होता आणि दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरला होता.

"काय झालंय?"

"अपडेट का काय चालू होतं. लाइट गेली."

"लाइट गेली तर बॅटरीवर चालतो की."

"बॅटरी कवाच मेली. वायरीवरच हाय."

"लाइट गेली का कुणी बटण बंद केलं?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग ह्या वयाची माणसं जे विचारतात तेच त्यांनी विचारलं. "कुणाचा तू?"

"रामहरींचा भाचा. माढ्याचा. अभिमन्यू."

"हां. ते कॉलेज सोडलेलं."

मामानं ही बातमी कुठंकुठं पोचवलीय देव जाणे. 

लॅपटॉप सुरू करून बघितला. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. हे दुखणं ओळखीचं आहे. लॅपटॉपला उठवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये. आम्ही त्याला बायोस म्हणतो. विंडोज वगैरे सगळं त्याच्यानंतर. तो बदलत असताना कुणी करंट तोडला तर निम्मा जुना, निम्मा नवा राहतो आणि मशीन जिवंतही नाही, मेलेलंही नाही, असं मध्येच अडकतं.

"पैल्यासारखा नको करू," शेठ म्हणाले. "पडद्यावर नुसता उजेड आला तरी बास. घरात बाई जेवत न्हाय."

"कोण?"

"आमची मंडळी. रत्नम्मा. ह्याच्यासमोर बसून जेवायची सवय लागली. हे बंद पडल्यापासून तोंडात अन्न न्हाय. सलाइन लावून आणलं. डॉक्टर म्हणतो, अन्न पोटात गेलं न्हाय तर बाई हातची जाती."

"काय बघतात त्या ह्याच्यावर?"

"पोराशी बोलती."

घरातला नळ गळतो, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं आणि टॉवेल तेवढा परत घेऊन गेले.

२

खालचं झाकण काढलं तर पंख्यात माती होती.

धूळ नाही. धूळ करडी असते, बोळा होऊन निघते. ही काळी माती होती. शेतातली, वाळून भेगाळलेली, पात्यांमध्ये चेपून भरावी तशी भरलेली. शेठच्या बाळीवेशीतल्या दुमजली घरात, माडीवरच्या खोलीत वापरलेल्या लॅपटॉपमध्ये. मी ब्रशनं झाडली. टेबलावर मूठभर ढीग झाला. शेठ शेतातही नेत असतील, म्हणून सोडून दिलं.

मग वायफाय कार्डाची जागा दिसली. रिकामी. दोन बारीक वायरींची टोकं लाल चिकटपट्टीनं गुंडाळून बाजूला दाबलेली. तशी लाल पट्टी आख्ख्या सात रस्त्यावर फक्त मामा वापरतो. त्याच्या शेजारी हार्ड डिस्क असते, तिथंही पोकळी.

मी मामाला हलवून उठवलं.

"शेठच्या लॅपटॉपचं कार्ड तुम्ही काढलंय?"

"व्हय." जांभई. "लई दिवस झाले की. त्यांनीच सांगितलं, ह्याच्यावर नेट परत कधी चालू झालं न्हाय पायजे. पोरगं बेंगळूरला नोकरीला, तितंच जातीबाहेर लग्न केलं. आई चोरून व्हिडिओवर बोलायची. शेठला खपंना. म्हणले, असं करा की तिला वाटलं पायजे नेटच बिघडलं."

"आणि डिस्क?"

मामानं मान खाजवली.

"डिस्क, मामा."

"नेट न्हाय त्या लॅपटॉपला डिस्क काय चाटायचीय? एका गिऱ्हाइकाला पायजे हुती, दिली बसवून."

"शेठना सांगितलं?"

"ते काय उघडून बघणारायत व्हय?"

माझा बाप माझ्याशी बोलत नाही. मी इंजिनिअरिंग सोडलं म्हणून त्याचं नाक कापलं गेलं. आणि ज्याच्याकडं 'जरा माणसात राहून शीक' म्हणून मला पाठवलं, तो हा माणूस.

"मग हा चालू कसा होत होता?" मी विचारलं.

"दिवा लागत असंल. म्हातारी बघत बसत असंल."

"आणि अपडेट? अपडेट एक नेटवरनं येतं, न्हायतर डिस्कवरनं. ह्याच्यात दोन्ही न्हाय. मग आलं कुठनं?"

मामा आता पूर्ण जागा झाला होता. त्यानं टेबलावरच्या मातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत डोळे मिटले.

"अभ्या, तू काम कर. गिऱ्हाइकाच्या घरात शिरू नको."

३

कामाची पद्धत ठरलेली आहे. चिपला चिमटा लावायचा, तिच्यात असेल ते आपल्या कॉम्प्युटरवर वाचून घ्यायचं. दोनदा वाचायचं. दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आल्या तर चिमटा नीट बसलाय. मग त्याच मॉडेलची चांगली फाइल मिळवून चिपमध्ये लिहायची. बास.

माझ्या दोन फाइली सारख्या आल्या नाहीत.

चिमटा बसला नसेल. काढून परत लावला. परत वेगळ्या. वायर बदलली. चिमटा हलला तर फाइल सगळीकडं फाटते, कुठंही अक्षर बदललेलं सापडतं. इथं फरक एकाच जागी होता. आणि प्रत्येक वाचनात तो थोडा पुढं सरकलेला होता, सावकाश, वाळवी भिंत चढते तसा.

मी चिप बोर्डावरनं उपटूनच काढली. आता ती माझ्या चिमट्याच्या टोकावर होती. तिला बॅटरी नाही, बोर्ड नाही, तिच्यात कुणी काही लिहील असं जगात काही नाही. वाचली. फरक पुढं सरकला होता.

चिप खराब आहे, असं मी स्वतःशी मोठ्यानं म्हणालो. मामा घोरत होता म्हणून मोठ्यानं म्हणता आलं. खराब चिप काहीही दाखवते. मी नवी चिप घेतली, कंपनीची स्वच्छ फाइल तिच्यात लिहिली आणि दोनदा वाचून बघितली. दोन्ही वाचनं सारखी. मला इतकं बरं वाटलं की मी जुनी चिप टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर ती मातीही ढकलली.

नवी चिप जोडून बटण दाबलं. पंखा फिरला. कंपनीचं चिन्ह यायला हवं होतं, ते आलं नाही. पडदा काळा होता, पण बंद नव्हता. पाठीमागचा उजेड लागलेला काळा वेगळा असतो, थोडा जांभळट. त्या काळ्यात मला दुकान दिसलं. वरची ट्यूबलाइट, भिंतीवरचं कॅलेंडर, मामाची खुर्ची, माझं डोकं. आणि माझ्या पाठीमागं, काउंटरला टेकून, खाली फरशीवर कुणीतरी मांडी घालून बसलेलं. तोंड नीट दिसत नव्हतं. शर्ट दिसत होता. चौकड्यांचा.

मी वळलो. काउंटरजवळ कुणी नव्हतं. बाहेर रिक्षावाले भांडत होते.

परत पडद्याकडं बघितलं तेव्हा इंग्रजीत एक ओळ आली होती की सुरू व्हायला डिस्क सापडत नाही. बरोबर आहे. डिस्क नाहीच. काम झालं होतं.

बराच वेळ बारीक काम केलं की डोळ्यांपुढं काहीबाही येतं. काच प्रतिबिंब दाखवते. हे सगळं मी स्वतःला सांगितलं. मग पडद्यावर बोट ठेवलं. ह्या लॅपटॉपला काच नाहीच. खरखरीत, उजेड न परतवणारा पडदा आहे. त्याच्यावर स्वतःचं तोंडही दिसत नाही.

४

चार्जर न्यायला आलो, असं सांगायचं ठरवून मी बाळीवेशीत गेलो. दुकानात चार्जरांचा ढीग आहे. पण मला त्या बाईला बघायचं होतं. शेठ यार्डात असायची वेळ होती. दार उघडंच होतं.

रत्नम्मा माडीवरच्या खोलीत कॉटवर पडल्या होत्या. हाताला सलाइनची पट्टी तशीच. खोलीत खिडकी एक, तीही बंद. समोर लाकडी टेबल, त्याच्यावर लॅपटॉपच्या आकाराची जागा पुसून ठेवलेली. त्या जागेपुढं एक ताट. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दूध. ताट झाकलेलं नव्हतं. माशाही नव्हत्या.

"आणलास?"

"होतोय, काकू. चार्जर न्यायला आलोय."

"जेवलास?"

"व्हय."

"न्हाय जेवलास. तोंड बघ की. ऊटा माडू, बाबा. जेव." त्यांचं घर निम्मं कानडी बोलतं. जेवायला सांगायचं तर कानडीच येतं त्यांच्या तोंडात.

"तुम्ही जेवा आधी."

"माझं शरणूबरोबर असतंय."

शरणू म्हणजे शरणबसव, बेंगळूरचा मुलगा. मी टेबलाच्या कडेला बसलो. नेट नाही, डिस्क नाही, हे ह्या बाईला सांगावं की नको, ते कळेना.

"काय बोलता तुम्ही दोघं?"

"आधी बोलायचा न्हाय. नुसता बसायचा." त्या हसल्या. हसताना ओठ फाटत होते. "मग मान हलवायला शिकला. मग मला अव्वा म्हणायला. हळूहळू येतंय त्याला. आता सगळं बोलतोय."

शिकला, असं त्या म्हणाल्या. मी परत विचारलं नाही.

"दिसतो कसा?"

"बसलेला. निळ्या चेक्सचा शर्ट. तोच. ह्यांनी पुरला तो."

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्यांच्यात मयताला बसवून पुरतात, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून, जन्मल्यापासून गळ्यात असतं ते. शरणूनं लग्न केल्याचं कळलं तेव्हा त्यानं काढून ठेवलेलं लिंग घरीच, देवघरात होतं. शेठनी होटगीच्या शेतात खड्डा घ्यायला लावला. जंगम स्वामींना बोलावलं. स्वामी म्हणाले, पोरगं जितं हाय, जित्याचं करत न्हाईत. शेठनी स्वामींना मोटारीत बसवून परत पाठवलं आणि स्वतः केलं. मुलाचा शर्ट कडब्यानं भरला, मांडी घालून बसवला, बाहीच्या टोकाला लिंग ठेवलं, विभूती टाकली, माती लोटली.

"घरी येऊन अंघोळ केली," रत्नम्मा म्हणाल्या, "आणि मला म्हणले, वाढ."

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी गेली. मी विचारलं, "काकू, ते अपडेट कुणी लावलं?"

"त्यानंच सांगितलं की. म्हणला, अव्वा, बटण दाब. हे पुरं झालं की मी घरी येतोय."

५

ते पोरगं मेलेलं असतं तर सोपं होतं. मेलेल्या माणसाच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. माढ्यात आमच्या गल्लीत प्रत्येक चिंचेला एक आहे. मी त्याचं नाव मोबाइलवर शोधलं तेव्हा मनातनं मला तो मेलेलाच हवा होता. अपघात, ताप, काहीही.

त्याचा फोटो लगेच सापडला. कंपनीच्या आयडीकार्डासकट, डोक्यावरचे केस कमी झालेले, कडेवर मुलगी. मी निरोप टाकला. त्याचा फोन लगेच आला.

"कोण तुम्ही? अव्वाला काय झालंय?"

"मी लॅपटॉप दुरुस्त करतो. त्या जेवत नाहीत. तुम्ही त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात?"

"मुलगी व्हायच्या आधी. मग नेट बंद झालं. मग अप्पांनी कळवलं, तिला तुझं तोंड बघायचं नाही, तिनंच बंद करायला सांगितलंय." त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली. "मी सणाला फोन करतो. अप्पा उचलतात. मी 'अप्पा' म्हणेपर्यंत ऐकतात आणि ठेवतात."

"त्यांना वाटतं तुम्ही रोज बोलता."

"कोण बोलतं?"

"तुम्ही."

मी पुढचं सांगितलं नाही. कसं सांगणार? उद्या दुपारी त्यांच्यासमोर माझा मोबाइल धरतो, व्हिडिओ लावा, एवढं ठरवलं. मला वाटलं होतं की खरा मुलगा दिसला की संपलं. बाई जेवेल, आणि तो लॅपटॉप मी तिच्यासमोर परत टॉवेलात गुंडाळून घेऊन जाईन.

"थँक्स हं," शरणबसव म्हणाला. "माझं जेवणाचं ताट अजून वाढते का ती? लहानपणी मी येईपर्यंत जेवायची नाही."

६

दुसऱ्या दिवशी शेठ घरीच थांबले होते. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेले. वर जायला वाट अडवून.

"चालू झाला?"

"झाला. त्याच्यात वायफाय नाही, डिस्क नाही. हे तुम्हाला माहीत होतं?"

"नेटचं माहीत हुतं."

"मग त्या बोलतात कुणाशी?"

"एकटीच बडबडती म्हणून मी सोडून दिलं. बडबडू दे. जेवती तर हाय." ते फरशीकडं बघून बोलत होते. "त्या दिवशी दार लोटलं. पडद्यावर पांढरी पट्टी सरकत हुती. त्यानं मला हाक मारली."

"कोणी?"

"अप्पा म्हणला. म्हणला, आता थोडंच राहिलंय."

"आणि तुम्ही वायर उपटली."

"उपटली."

"आणि तरी दुरुस्त करायला आणलात."

"मग काय करू? डोळ्यांदेखत मरू देऊ तिला?" त्यांचा आवाज आता यार्डातला झाला. "चार लोकांत मला राहायचं हाय."

"पोराला बोलवा. एक फोन लावा. तो येईल, काकू जेवतील."

शेठनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच मला सहन होईना. जमत नाही ते मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघावं तसे ते बघत होते.

"ते जमायचं न्हाय," ते म्हणाले.

म्हणजे वर जे काही बसतं ते चालेल. त्यानं अप्पा म्हणून हाक मारली तरी चालेल. पण स्वतःच्या जित्या पोराला 'ये' म्हणायचं नाही. मला माझ्या बापाचं तोंड आठवलं. सगळे एकाच कारखान्यात घडवलेले. मी त्यांच्या गुडघ्यावरनं पाय टाकून वर गेलो.

७

रत्नम्मा उठून टेबलाजवळ फरशीवर बसल्या होत्या. अंघोळ केलेली, कपाळावर विभूती, समोर ताट. दोन ताटं. लॅपटॉप मी टेबलावर ठेवला, पण वायर जोडली नाही. आधी मोबाइल धरला.

शरणबसव पडद्यावर आला. शर्ट इस्त्रीचा. त्यानं केस विंचरले होते.

"अव्वा," तो म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना.

रत्नम्मांनी मोबाइल हातात घेतला. लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ त्याचं तोंड बघितलं. तो रडत होता, ते त्यांनी शांतपणे बघितलं, शेजारच्या गल्लीतलं भांडण बघावं तसं. मग मोबाइल माझ्याकडं दिला.

"शरणूसारखा दिसतोय की रे. पण ह्याचं वय झालंय."

"काकू, हाच शरणू आहे. बेंगळूरहून बोलतोय."

"अव्वा, मी आहे. अव्वा, माझी मुलगी बघ. बसम्मा नाव ठेवलंय, तुझ्या आईचं."

"रडू नको म्हणावं त्याला," रत्नम्मा मला म्हणाल्या. "कुणाचं लेकरू हाय कुणास ठाऊक. लॅपटॉप लाव बाबा. भाकरी वाळली."

"ह्यांच्याशी बोला. मग लावतो."

त्यांनी माझं ऐकून ताट थोडं लांब सरकवलं आणि डोळे मिटले. बास, एवढंच केलं. हात मांडीवर. मनगट इतकं बारीक झालं होतं की सलाइनची पट्टी सैल पडली होती. दाराबाहेरून शेठ म्हणाले, "लाव की. कशाला जीव घेतो तिचा."

मी वायर जोडली.

पंखा फिरला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं नाही, डिस्क नसल्याची ओळ आली नाही. एक पांढरी पट्टी आली, जवळजवळ भरलेली, खाली इंग्रजीत सूचना: अपडेट चालू आहे, बंद करू नये. ती चिप नवी होती. ती फाइल मी स्वतः लिहिली होती. त्या पट्टीला तिथं येण्याचं काहीही कारण नव्हतं. ती टोकाला पोचली आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला.

खोलीत ओल्या मातीचा वास आला.

"अव्वा, जेवलीस का?"

मला लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज माहीत आहे. पत्र्याचा असतो. हा पत्र्याचा नव्हता. तो टेबलावरनं आलाही नाही. माझ्या मागं, दारामागच्या कोपऱ्यातनं आला, खालनं, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवरनं.

मोबाइल माझ्या हातात होता. शरणबसवचे ओठ मिटलेले होते.

"हा कोण बोलतोय?" तो म्हणाला. मग एकदम हळू, "तो माझा आवाज आहे."

रत्नम्मांनी डोळे उघडले. चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी भाकरी मोडली, दुधात भिजवली, आणि दुसरं ताट माझ्या पायाशेजारून फरशीवर मागं सरकवलं. मी मान वळवली नाही. पण ताट जाताना डोळ्याच्या कोपऱ्यातनं नजर त्याच्यामागं गेली. निळ्या चेक्सची बाही ताटावर आली. कफाचं बटण लावलेलं. कफातनं हात आला नाही. कडब्याची टोकं आली, काळी पडलेली, आणि ती बोटं मिटावीत तशी भाकरीवर मिटली.

"शरणू," रत्नम्मा कोपऱ्याकडं बघत म्हणाल्या, "ह्या फोनवर कोण हाय रे? मघापास्नं रडतोय."

कडब्याची कुरकुर थांबली. मोबाइलमधला माणूस श्वास रोखून ऐकत होता. मीही.

"कुणी न्हाय, अव्वा," कोपऱ्यातला तो म्हणाला. "ऊटा माडू."

त्यांनी पहिला घास घेतला. शरणबसवनं स्वतःहून फोन ठेवला.

मी भिंतीला पाठ लावून, कोपऱ्याकडं न बघता दारापर्यंत सरकलो. शेठ बाहेर उभे होते, पाठ खोलीकडं केलेली.

"जेवली का?" त्यांनी विचारलं. आत डोकावले नाहीत.

"जेवतायत."

"मग झालं," शेठ म्हणाले.